साखळी बाहेर आलेला हब

माझ्या हातातला हा भाग पाहा. सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आहे एवढं लांबूनही कळतं. पण तो नेहमीच्या हबपेक्षा पोटात फुगलेला आहे आणि एक्सलच्या, म्हणजे मधल्या आसाच्या, उजव्या टोकातून गिअर बदलायची एक बारीक साखळी लोंबते आहे, जुन्या खिशातल्या घड्याळाला असायची तशी. चाकातून कापून काढलेला हा हब मला देताना देणारा म्हणाला, "आतून गेलाय. पेडल मारलं की नुसताच फिरतो." आज मी बहुतेक याच्याचबद्दल बोलणार आहे.

अनोळखी भाग हाती आला की आपण आधी नाव शोधतो. मी नाव शेवटी वाचतो, कारण ओळखीचं नाव दिसलं की पुढचं पाहणं थांबतं. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचंच घ्या. ते नाव अगदी साध्या डिरेलरवरही (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) असतं आणि त्यांच्या सर्वांत वरच्या, ड्युरा-एस श्रेणीतल्या भागांवरही. त्यापेक्षा मागच्या बाजूचा क्रमांक कामाचा. 'आरडी' म्हणजे मागचा डिरेलर, 'एफसी' म्हणजे क्रँक, पेडल जिला जोडतात ती दांडी. शिवाय अनेक भागांवर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे 1976, तिथून 'झेड' म्हणजे 2001, आणि 2002 पासून पुन्हा 'ए'. आता 'सी' आणि 'ई' दिसलं, तर मे महिना नक्की, पण साल 1978 की 2004? ते अक्षर सांगत नाही, भागाची घडण सांगते. म्हणून घडण आधी वाचायची.

या हबला आऱ्यांची छिद्रं 40 आहेत. पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे ही जुनी इंग्लिश पद्धत. एक्सलवर मी 10 मिलिमीटरचा नट फिरवून पाहिला, तो चढेना. मोजलं तर व्यास 13/32 इंच, इंचाला 26 आटे. अजून नाव वाचलेलं नाही, पण देश कळला. सायकलच्या भागांत मापं अशी बोलकी असतात. बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँक जिथे फ्रेममध्ये फिरते तिथल्या बेअरिंगचा, कप 1.37 इंच आणि उजवीकडचा आटा उलटा असेल, तर तो इंग्लिश. 36 मिलिमीटर आणि दोन्ही आटे सुलटे असतील, तर इटालियन. 35 मिलिमीटर आणि 1 मिलिमीटरचा आटा असेल, तर फ्रेंच घराण्यातला. त्यामुळे जवळ व्हर्निअर आणि आटे मोजायची पट्टी हवीच. आणि आटा बोटांनी चढत नसेल तर पान्याने चढवू नका. मी हे कळवळून सांगतो आहे. भाग तर जातोच, फ्रेमचेही आटे जातात.

मग चिंधीने मळ पुसला. कवचावर 'स्टर्मी-आर्चर, इंग्लंड', खाली मॉडेलचं नाव 'एडब्ल्यू', 'थ्री स्पीड' आणि बाजूला 62 व 8. म्हणजे नॉटिंगहॅमचा तीन गिअरचा हब, ऑगस्ट 1962 चा. निदान कवच तरी तेव्हाचं, कारण आतली यंत्रणा पुढे कुणी बदललेली असू शकते.

आता दर्जा. तो समोरून दिसत नाही. चकाकी तर सोडूनच द्या, क्रोम पातळ पत्र्यावरही चढतं. भाग उलटा करून पाठ पाहा. कडा घासून गुळगुळीत केल्यात की ठप्प्यातून निघाल्या तशाच बोटाला लागतात? सांधे जेमतेम ठोकलेल्या रिव्हेटवर डुगडुगतात की डिरेलरचं खालचं टोक हलवल्यावर घट्ट वाटतात? लोहचुंबक चिकटलं तर पोलाद हे कळतं, पण तेवढ्यावरून भाग हलक्या दर्जाचा ठरवू नका. हा हब पोलादाचाच आहे, वजनदारही आहे, आणि मला तो उत्तम वाटतो. याच्या अंगावर तेल सोडायला छोटी टोपी आहे. दातेरी चकती एका स्प्रिंगच्या कडीवर बसते, ती स्क्रू-ड्रायव्हरने निघते. आतले कोन (छर्रे ज्यांच्यावर फिरतात ते शंकूसारखे नट), छर्रे, कवचाला फिरवणारे खटके सगळे सुटे होतात. पुढे कधीतरी कुणीतरी हा उघडेल, हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलं होतं. दर्जाची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

पण चांगला घडवलेला भाग आज चांगला असेलच असं नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, फसगत बहुतेक इथेच होते. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकला पेडलच्या भोकाशी केसाएवढी चीर असली, किंवा हँडल जिथे आवळतात तिथे खोल चरा असला, तर नाव कितीही मोठं असो, तो भाग वापरायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकून इशारा देईलच असं नाही, एकदम तुटतं.

आमच्या हबची परीक्षा तर घरच्या घरी होते. आत मधलं चक्र 20 दातांचं, भोवतीची छोटी चक्रं 20 दातांची आणि बाहेरचं कडं 60 दातांचं. एक्सलमधली बारीक साखळी ढिली सोडून, म्हणजे तिसऱ्या गिअरला, दातेरी चकती एक पूर्ण फेरा फिरवली, तर कवच एक आणि एक तृतीयांश फेरा फिरायला हवं. साखळी पूर्ण ओढून धरली, म्हणजे पहिल्या गिअरला, तर पाऊण फेरा. कवचावर खडूची रेघ मारून मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चकती फिरवताना टिकटिक ऐकू येते, पहिल्याला येत नाही.

मी मोजायला गेलो तेव्हा कवच फिरलंच नाही. टिकटिकही नाही. देणाऱ्याचं खरं होतं म्हणायचं. पण हबला ढिलेपणा जवळजवळ नव्हता, आणि झिजलेल्या यंत्राला तो असतोच. म्हणून टोपी उघडून पातळ तेल सोडलं आणि दोन दिवस हब मधूनमधून हाताने फिरवत राहिलो. जुनं तेल साकळून चिकट झालं होतं आणि त्यात खटके अडकून बसले होते. तिसऱ्या दिवशी आतून टिक आली, मग दुसरी. फेरे मोजले, बरोबर भरले. बिघाडाचं आणखी एक सोंग सांगतो. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा मुळातच आहे. त्या बारीक साखळीला जोडलेली गिअरची केबल नीट ताणलेली नसेल तर पेडल तिथे पोकळ फिरतं, आणि हब वाया गेला असं लोक धरून चालतात.

शेवटी कोन काढून पाहिले. छर्रे जिथून फिरतात त्या वाटेवरून बॉलपेनचं टोक फिरवायचं. उजव्या कोनवर ते सरळ घसरत गेलं, डाव्यावर दोन ठिकाणी अडखळलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. तो कोन बदलावा लागेल. आणि एक्सलच्या चपट्या बाजूंवर बसणाऱ्या दोन खाचेच्या चकत्या गायब आहेत. त्या नसतील तर जोर लागताच एक्सल फ्रेममध्ये फिरू लागतो, म्हणून त्या मिळेपर्यंत हा हब चाकात बांधणार नाही.