बहात्तरावा हिस्सा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीत तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी किल्ला केला असेलच. दगड-विटा रचायच्या, वर पोतं, पोत्यावर चिखल, चिखलात अळीव. तो किल्ला जरा डोळ्यांपुढे आणा. महादरवाजा चार बोटांचा, आणि पहाऱ्यावरचा मावळा दरवाजाहून डोकंभर उंच! सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बुरुजाएवढे. पायथ्याच्या शेतात बैल आणि कोंबडी एकाच मापाची. यात कुणाला काही खटकत नाही, खटकूही नये. मला मात्र शाळेच्या शेवटच्या वर्षांत ते खटकायला लागलं, आणि तिथून मी स्केल मॉडेलच्या, म्हणजे खऱ्या वस्तूच्या नेमक्या प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृतींच्या, नादी लागलो.

विमानांच्या मॉडेलसाठी एकास बहात्तर हे प्रमाण फार चालतं. आकडा विचित्र वाटतो, पण तो फूट-इंचाच्या हिशेबातला आहे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे सहा फुटी वैमानिक मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा.

मी नाशिकचा. मिग-२१ विमानं बांधण्यासाठी १९६४ साली आमच्या ओझरला कारखाना उभा राहिला, त्यामुळे मिग म्हणजे जवळजवळ गाववालाच. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा माझ्या टेबलावर त्याचंच मॉडेल होतं, ‘एफएल’ जातीचं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटर पंधरा सेंटिमीटर. माझ्या मिगचे दहा सेंटिमीटरलाही किंचित कमी. तळहातावर मावतं.

आता लोकांना वाटतं, खोक्यातले तुकडे काढले, चिकटवले, झालं विमान. जोडकाम तसं दोन-तीन संध्याकाळींचं. सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. निपरनं, म्हणजे बारीक कटरनं, कापायचे, कापल्याची खूण वॉटर पेपरनं घालवायची. यातला चिकटवायचा द्रव डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिक थोडं विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. म्हणूनच त्यात बोट बुडलेलं असताना विमान उचललं, तर तुमचा अंगठा त्यावर कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या दोन विमानांवर असे सही-शिक्के आहेत.

खरी परीक्षा रंगाची. एक साधा हिशेब सांगतो. ब्रशनं घाईघाईत जाड हात मारला आणि थर दशांश मिलिमीटरचा झाला, तर बहात्तरनं गुणा. खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा गिलावा होईल! ओल्या रंगात डोक्यातला एक केस पडला, तर पंखावर पाच मिलिमीटरची दोरी पडल्यासारखं दिसतं. लांबी-रुंदी मॉडेलच्या कारखान्यानं लहान करून दिलेली असते हो. जाडी लहान करायचं काम आपल्याकडे. म्हणून रंग दुधासारखा पातळ करायचा, एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीनं, धुक्यासारखा मारायचा, सुकू द्यायचा, पुन्हा मारायचा.

त्यात मी निवडलेलं विमान रंग न दिलेलं, नुसत्या धातूचं. आपली एफएल मिग सुरुवातीला तशीच चकचकीत उडत होती. १९७१च्या युद्धात त्यांतल्या काहींवर वाघासारखे पट्टे ओढले गेले. पट्टे असते तर माझी चूक लपली असती. धातूच्या रंगाखाली काहीच लपत नाही. त्यासाठी आधी चकचकीत काळा रंग द्यावा लागतो, आरशासारखा गुळगुळीत, आणि त्यावर ॲल्युमिनियमचे अगदी विरळ हात. खालच्या काळ्यात नखाएवढा ओरखडा असला तरी वर तो ओरडून सांगतो.

मी तो काळा रंग दिला जुलैमध्ये. बाहेर धो धो पाऊस, आणि माझा उत्साहही तसाच. अर्ध्या तासात विमानावर पिठूळ पांढरा थर आला, भस्म फासल्यासारखा. झालं असं की, थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर धरतं. सगळं पुन्हा घासून काढलं. आता जून ते सप्टेंबर मी फक्त जोडतो. रंगाची बाटली दसऱ्यानंतर उघडते.

अजून एक फजिती सांगायला हवी. नाकाखाली चाक असलेलं विमान असलं की नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. मी गळाला लावतात ते शिशाचे छर्रे आणून ठेवले होते. विमान जोडून, घासून, रंगवून झालं. चाकांवर उभं केलं, तर बसलं की शेपूट टेकून, पाहुण्यांकडे नाक वर करून! छर्रे डबीत तसेच. सुदैवानं मिगच्या नाकातला पुढचा शंकू वेगळा निघतो. तो हलक्या हातानं सोडवला आणि मागच्या पोकळीत छर्रे चिकटवून बसवले.

सुरुवात करू पाहणाऱ्यांनी साधं, थोड्या तुकड्यांचं आणि रंगीत पट्ट्यांचं विमान घ्यावं. एअरब्रश लगेच घेऊ नये. चांगला ब्रश आणि पातळ रंग यांवर पहिली चार-पाच मॉडेल छान होतात. आणि नुसत्या धातूचं विमान? ते मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका.

मिगच्या नाकाशी पुढे एक लांब बारीक नळी असते, पिटो ट्यूब. हवेचा दाब मोजून ती विमानाचा वेग सांगते. आमच्या घरात ती फडक्याचा वेग सांगते. दोनदा मोडली. आता तिथे शिवणाची सुई बसवली आहे, आणि कपाट पुसायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं आहे.

नमस्कार.