पडलेलं झाड पडू द्या

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘मेंदू नसलेल्या जिवाचं शहाणपण’. त्याच्याकडे येतोच. पण तो जीव राहतो कुठे हे आधी सांगायला हवं, कारण त्याचं घर आपण दरवर्षी जाळतो आणि ते मला सहन होत नाही.

तो जीव म्हणजे स्लाइम मोल्ड. तुम्ही तो पाहिलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. चार दिवस झड लागून उघडीप पडली की कुजक्या ओंडक्यावर पिवळाजर्द बुळबुळीत थर दिसतो. काल नव्हता, आज आहे, आणि लवकरच त्याची भुकटी होऊन वाऱ्यावर जाते. ही बुरशी नव्हे. अँटन डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५९ मध्येच याचं नातं प्राण्यांकडे जातं असं मांडलं. आज त्याला अमीबाच्या गोतात धरतात. तो अख्खा थर म्हणजे एकच पेशी, आत केंद्रकं मात्र असंख्य! ती सरकते, जिवाणू गिळते. समोरचे विद्यार्थी माना हलवताहेत, म्हणजे वर्गात लक्ष होतं.

आता माझं दुखणं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका देवस्थानाच्या आवारात सालईचं जुनं खोड आडवं पडलेलं होतं. पावसाळ्यात त्यावर काय काय यायचं! लायकोगाला नावाच्या स्लाइम मोल्डचे गुलाबी मणी, दाबले तर आतून गुलाबी लगदा. दोन दिवसांनी तेच मणी करडे, आत नुसते बीजाणू. स्टेमोनायटिस या दुसऱ्या स्लाइम मोल्डचे तपकिरी तुरे, केसाएवढ्या देठांवर उभे. विद्यार्थ्यांना मी तिथेच न्यायचो. एका वर्षी यात्रेआधी स्वच्छता मोहीम निघाली, खोड ओढून नेलं आणि पेटवलं. मोहिमेतली पोरं भली होती, त्यांना कचरा दिसला. पण अहो, लाकूड बुरशी फोडते, त्यावर जिवाणू वाढतात, त्यांना स्लाइम मोल्ड खातो, त्याचे बीजाणू खाऊन जगणारे भुंगेरे असतात. एका खोडावर एवढा संसार. जिवंत झाडासाठी आपण मोर्चे काढतो. मेलेल्याच्या बाजूनं कोण उभं राहतं?

जपानमध्ये एक माणूस उभा राहिला होता. मिनाकाता कुमागुसु. १९०६ नंतर तिथल्या सरकारनं गावोगावची छोटी देवळं एकत्र करायला घेतली, आणि मोडलेल्या देवळांभोवतीच्या राया तोडल्या जाऊ लागल्या. आपल्याकडच्या देवरायांसारख्याच त्या. हा गृहस्थ लिहीत राहिला, भांडला, १९१० मध्ये तुरुंगात गेला. रायांतले स्लाइम मोल्ड गोळा करणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. सम्राट हिरोहितोलाही या जिवांचा नाद होता. १९२९ मध्ये सम्राट त्याच्या भागात आला, तेव्हा कुमागुसुनं त्याला ११० नमुने भेट दिले, तेही कॅरमेलच्या गोळ्यांच्या खोक्यांत घालून! हसलात ना? सम्राटानं ती भेट पुढे कौतुकानं आठवली. असा माणूस आपल्या यावल-पालच्या जंगलासाठी मला हवा आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर शहाणपण. २००० साली तोशियुकी नाकागाकी हे जपानी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायसॅरम नावाचा स्लाइम मोल्ड चक्रव्यूहात पसरू दिला आणि दोन टोकांना खाद्य ठेवलं. त्यानं आडवाटांवरून अंग काढून घेतलं. उरली ती जवळची वाट. २०१० मध्ये तोक्योभोवतीच्या शहरांच्या जागी नकाशाप्रमाणे ओटचे कण मांडले. जे जाळं त्यानं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या तोडीचं निघालं.

हे कसं जमतं? आतला रस नळ्यांतून पुढे-मागे वाहतो, दिशा दर मिनिट-दोन मिनिटांनी उलटते. जिथून जास्त वाहतो ती नळी जाड होते, बाकीच्या आटतात. चाललेल्या वाटेवर चिकट माग राहतो आणि तो माग स्लाइम मोल्ड टाळतो. म्हणजे आठवण अंगाबाहेर ठेवलेली. कोरड पडली तर कडक पापुद्रा होऊन पडून राहतो, ओल मिळाली की पुन्हा चालू लागतो. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात तगायला आणखी काय लागतं?

भिंग घ्या, आणि झड ओसरली की सावलीतल्या कुजक्या लाकडाची खालची बाजू पाहा. पाहून झालं की ओंडका होता तसा पालथा घाला. बांधावरची सगळीच लाकडं सरपणाला नेऊ नका, एखादं कुजायला सोडा. विचारा आता प्रश्न.