आजीबाईंना लिहिलेलं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, गावाकडची जमीन. असा मोठा निर्णय समोर आला की आपल्या ख्रिस्ती घरांत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मामांना विचारून होतं, पाळकसाहेबांना विचारून होतं, मंडळीतले लोक काय म्हणतील याचा अंदाज घेऊन होतो. आणि मग ठरलेल्या गोष्टीवर देवाची सही घ्यायला आपण गुडघे टेकतो. प्रार्थना होते, पण शेवटी होते.

आज मला पंडिता रमाबाईंच्या एका पत्राविषयी बोलायचंय.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. पती बिपिनबिहारी आदल्याच वर्षी वारलेले, बरोबर लहानगी मनोरमा. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला. त्याच सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या.

1885 साली विषय निघाला, की रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं. लगेच विरोध झाला. मुंबईच्या बिशपांनी नको म्हटलं, लाहोरच्या बिशपांनी नको म्हटलं. हिंदुस्थानात परतल्यावर या बाईला ते बाधेल, असं त्यांचं म्हणणं. आजीबाईही त्यांच्याच बाजूच्या.

आता इथे थोडं थांबा, श्रोतेहो. ही माणसं रमाबाईंची वैरी नव्हती. देवभीरू होती, प्रार्थना करणारी होती, त्यांचं भलं चिंतणारी होती. डोक्यावरचं छप्पर त्यांच्याच मायेचं. परक्या मुलखात, पदरात लेकरू असताना, अशा माणसांना 'नाही' म्हणायचं! वैऱ्याला नाही म्हणायला फारसं धैर्य लागत नाही. आपल्या माणसाला म्हणायला लागतं.

मे महिन्यात रमाबाईंनी आजीबाईंना लिहिलं. माझी आई तरुणांना शिकवत असे, मीही शिकवलं, आणि त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, की माझ्या पतीनं घेतली नाही. मग इंग्लंडातल्या माणसांनी घ्यावी, याचं मला नवल वाटतं. आणि पुढचा मजकूर असा, त्याचा आशय सांगतो: आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे. आता धर्मगुरूंकडून आलेली प्रत्येक गोष्ट ही परमेश्वराचीच आज्ञा, असं मानून तसलंच दुसरं जोखड मी घेणार नाही. देवाने मला स्वतंत्र सदसद्विवेक दिला आहे.

मत बिशपांचं होतं. आज्ञा देवाची नव्हती. हा फरक त्या बाईने ओळखला. पुन्हा सांगतो: मत माणसाचं, आज्ञा देवाची. माणूस कितीही भला असो, त्याच्या मताची आज्ञा होत नाही.

बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकात, 13 व्या अध्यायात, यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाची गोष्ट आहे. 'इथे अन्न खाऊ नको, पाणी पिऊ नको' असं देवाने त्याला बजावलेलं. पण बेथेलचा म्हातारा संदेष्टा म्हणाला, मला देवदूताने तुला घरी जेवायला आणायला सांगितलंय. तो खोटं बोलत होता. हा जेवायला गेला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. पांढऱ्या केसांनी, देवाचं नाव घेऊन सांगितलेलं तेवढं खरं, असं त्याने धरलं.

यावर कुणी म्हणेल, मग ज्याने त्याने आपलं खरं करावं का? नाही. रमाबाईंवरही अहंकाराचा आरोप झालाच होता. पण हट्टी माणूस देवाच्या वचनासमोर बसत नाही. रमाबाई आयुष्यभर बसल्या. केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो मुलींचा संसार सांभाळून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत ते काम सोडलं नाही. (आपल्या तरुण संघांनी केडगावला एकदा तरी जावं. सहली महाबळेश्वरला निघतात, केडगाव मात्र रेल्वेच्या खिडकीतून मागे जातं. मला हे फार लागतं.)

आज रात्री घरात गलतीकरांस पत्राचे, म्हणजे बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्राचे, पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचा. पाचारण झाल्यावर पौल आधी माणसांची मसलत घ्यायला गेला नाही, अरबस्तानात गेला. तीन वर्षांनी यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे गेला आणि 15 दिवस राहिला. पुढे आपली सुवार्ता त्याने तिथल्या प्रमुखांपुढे मांडलीही. म्हणजे वडीलधाऱ्यांकडे जायचंच. आधी कुणाकडे जायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि अंतिओखियात त्याच पेत्राला पौल तोंडावर काय बोलला, तेही दुसऱ्या अध्यायात सापडेल. ते मुलांना वाचायला द्या.