पाच झाडं, एक नाव

मंडळी, पत्रिकेवर ‘दक्षिणी बीच : गुणधर्म आणि उपयोग’ असं छापलंय. तिथे येतोच. पण आधी नावाबद्दल बोलू द्या, कारण इथे न्यूझीलंडमध्ये बीच नावाच्या या झाडाच्या लाकडाची पत नावानं घालवली.

आपल्याकडचा सुतार सागवान, शिसव नावानं ओळखतो आणि उरलेलं सगळं ‘जंगली’त ढकलतो. त्या एका शब्दात ऐनही येतो आणि सावरही. ऐनाचा वासा घराचा भार पेलतो, सावरीच्या काड्यापेट्या होतात! इथेही तेच झालं. रुपेरी, लाल, काळा, कठीण आणि डोंगरी असे पाच बीच. गोऱ्या वसाहतवाल्यांनी बारीक पानं पाहिली आणि सगळ्यांना ‘बर्च’ म्हटलं, म्हणजे त्यांच्याकडच्या वेगळ्याच झाडाचं नाव दिलं. ‘काळा बर्च’ तर एका भागात एक झाड, दुसऱ्या भागात दुसरंच. आता कुंपणाचे खांब घ्या. लाल बीचचा गाभा जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो, रुपेरीचा लवकर कुजतो. ज्याच्या नशिबी रुपेरी आला, तो शेतकरी बर्चवरच काट मारणार. त्याचं काय चुकलं?

इथल्या मूळ रहिवासी माओरींनी मात्र ही झाडं वेगळी ओळखली होती. रुपेरी तो ताफाई. लाल तो ताफाई-राउनुई, म्हणजे मोठ्या पानांचा. काळा तो ताफाई-राउरिकी, लहान पानांचा. नाव ऐकलं की पान डोळ्यांपुढे येतं. शास्त्रज्ञांचं ‘नोथोफॅगस’ हे नाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1850 मध्ये दिलेलं. त्याचा अर्थ ‘खोटा बीच’. कोट्यवधी वर्षांच्या कुळाला खोटं का म्हणायचं, हे मला आजही खटकतं. 2013 मध्ये इथल्या अभ्यासकांनी रुपेरीला एका वंशात (जीनसमध्ये) आणि बाकी चौघांना दुसऱ्या वंशात टाकलं. सुताराचा हात हे आधीपासून सांगत होता.

विदर्भातल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. हे कुळ न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिलीत आहे आणि त्याचे जीवाश्म अंटार्क्टिकात सापडतात. एकेकाळी जोडलेल्या या भूभागांच्या महाखंडाला गोंडवन म्हणतात, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून आलंय.

आता माझं टेबल. जेवणाच्या टेबलासाठी एका वखारीतून लाल बीचच्या फळ्या आणल्या. ‘पूर्ण सुकलेल्या’ असं पावतीवर लिहून दिलं होतं. ओलावा मोजायचं यंत्र वरून बारा टक्के दाखवत होतं. सहा आठवडे रंधा मारला, जोड बसवले, तेल पाजलं. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, घरात हीटर लागला आणि तिसऱ्या दिवशी रात्री टेबलातून आवाज आला. सकाळी जोडात नाणं उभं राहील एवढी फट! उरलेली फळी मधून कापून मोजली, तर आत वीस टक्के. लाल बीचमधलं पाणी फार सावकाश निघतं. भट्टीत घाई केली तर आतल्या पेशी चेपतात आणि फळीवर खळगे पडतात. आधी महिनोन्‌महिने उघड्या हवेत थप्पी लावून ठेवायची, मगच भट्टी. वखारवाला म्हणाला, ‘बीच असाच असतो.’ या वाक्याचा राग मला अजून आहे. बीच असा नसतो, कोणता बीच आणि कसा सुकवला ते सांगा!

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

रुपेरी : गाभा गुलाबी-तपकिरी, पोत बारीक आणि एकसारखा, नस बहुधा सरळ. कातायला फार छान. खुर्च्या, ब्रशच्या मुठी, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी. जमिनीत पुरू नका.

लाल : जड, तांबूस, टिकाऊ. जमिनीच्या फळ्या, दारं-खिडक्या, पूल, खांब.

कठीण बीचमध्ये सिलिका असते, करवतीची धार लवकर जाते. आणि पाचही प्रकारांत वर्तुळांच्या दिशेनं होणारं आकसणं गाभ्यापासून सालीकडच्या आकसण्याच्या दुपटीच्या आसपास असतं. म्हणून रुंद टेबलाला गाभ्यापासून सालीच्या दिशेनं चिरलेली फळी मागा. फळीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर ती पोखरणाऱ्या भुंग्याची.

जंगलतोडीवर बोलायचं राहिलंच. 1970च्या दशकात बीचची जंगलं तोडून त्यांचे तुकडे करायची योजना होती. तिच्याविरुद्धच्या मारुइया जाहीरनाम्यावर तीन लाखांहून जास्त सह्या झाल्या. खासगी जमिनीवरच्या देशी झाडांची तोडही 1993च्या कायद्यानं बांधून घातली. म्हणून ही फळी महाग मिळते, आणि मिळावीच.

पुढच्या टेबलावर दोन तुकडे ठेवलेत, नावं लिहिलेली नाहीत. हातात घेऊन वजन करा, कुंपणाला कोणता लावाल ते मला चहाच्या वेळी सांगा.