दाढेतली चांदी जास्त टिकते की पांढरं फिलिंग?

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पुढचे दात नुसता तुकडा तोडतात, दळायचं सगळं काम मागच्या दाढांचं, त्यामुळं दाढेत भरलेलं फिलिंग लई मार खातं, त्यात वरून दिवसभर सुपारी असेल तर विचारूच नका.

इथल्या जुन्या माणसांना आ करायला लावा, दाढेत काळपट चांदी दिसेल. नाव चांदी पण निम्मा पारा असतो हो त्यात, बाकी चांदी, कथील, तांबं. दिसायला बेकार, टिकायला दणकट. लिस्बनमध्ये शाळकरी मुलांच्या दाढांवर मोठा अभ्यास झाला, 2007 साली छापून आला, 7 वर्षांनी चांदीची 94.4 टक्के फिलिंग शाबूत होती आणि पांढऱ्या फिलिंगची, म्हणजे कॉम्पोझिटची, 85.5 टक्के. पांढरी गेली ती तुटून कमी, कडेनं परत कीड लागून जास्त.

असं का, तर कॉम्पोझिट निळ्या लाईटखाली कडक होताना थोडं आकसतं, कडेला बारीक फट पडू शकते. आणि ते चिकटवायला दाढ एकदम कोरडी पाहिजे. आता खालची शेवटची दाढ, बाजूला जीभ, लाळ येतीय, तिथं कोरडं ठेवणं म्हणजे खरी कसरत, म्हणून रबर डॅम लावतात, दातावर ताणून बसवायचा रबरी पडदा. चांदीला थोडा ओलावा चालून जातो, शिवाय ती गंजते आणि तो गंजच हळूहळू फट बुजवतो!

पण 2010 साली नेदरलँड्सचा 12 वर्षांचा हिशोब आला आणि तिथं ज्यांचे दात फारसे किडत नाहीत त्यांच्यात कॉम्पोझिटच जास्त टिकलं. म्हणजे मला विचाराल तर मटेरियल नंतर, आधी तोंड कुणाचं ते बघा. सारखा गोड चहा, रात्री ब्रश नाही, मग काहीही भरा.

तसंही चांदी आता चाललीच, पाऱ्यामुळं. युरोपियन युनियननं 1 जानेवारी 2025 पासून ती जवळजवळ बंदच केली. तिसरं फिलिंग म्हणजे ग्लास आयोनोमर, ज्याला लोक नुसतं सिमेंट म्हणतात, ते फ्लोराईड सोडतं, दुधाच्या दाढांना बरं, पण मोठ्यांच्या दाढेत चावून चावून झिजतं.

त्यामुळं पांढरं भरणार असाल तर रबर डॅम लावणार का एवढं डॉक्टरांना विचाराच. आणि भरल्यावर चावताना उंच लागलं तर लाजून तसंच घरी येऊ नका, उंच जागेवर डाग पाडणारा रंगीत कागद परत चावायला मागा आणि तेवढं फिलिंग डॉक्टरांकडून लगेच घासून घ्या.