फडावर जाण्याआधी यादीत नाव बघा

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचं आहे ते ऊसतोड कामगारांशी. आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातल्या माझ्या भावांशी आणि माय-बहिणींशी. जे स्वतः फडावर, म्हणजे ऊस तोडायला, जात नाहीत, पण ज्यांचा मुलगा आणि सून जातात, त्या गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही ऐकावं. त्यांच्याकडे एक महत्त्वाचं काम आहे.

पोळा झाला. उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाली असेल किंवा बोलणी चालू असतील. दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरतील. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, घरातलं धान्य, शेरडं-करडं कुणाकडे ठेवायची, सगळी धांदल आहे. या धांदलीतच एक काम उरकून घ्या. मतदार यादीत आपलं नाव आहे की नाही ते डोळ्यांनी बघा.

आत्ताच का? तर याद्या दुरुस्त होण्याचा जो मोठा कार्यक्रम दरवर्षी असतो, तो बहुधा ऑक्टोबर ते जानेवारी या काळात असतो. प्रारूप यादी लागते, हरकती मागवतात, जानेवारीत अंतिम यादी येते. तेव्हा तुम्ही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला नाहीतर कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे खोपीत असता. यादीचं काम करणारे बीएलओ, म्हणजे गावातलेच शिक्षक नाहीतर अंगणवाडीताई, दारात येतात तेव्हा घराला कुलूप असतं. शेजारी सांगतात, इथं नसतात ते. आणि नाव कमी होण्याची सुरुवात तिथून होऊ शकते.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, आणि घरी राहणाऱ्या आईबापांनाही सांगून ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950. त्याच्या कलम 20 मध्ये लिहिलं आहे की माणूस तात्पुरता बाहेरगावी गेला, एवढ्या कारणानं तो गावचा रहिवासी नाही असं होत नाही. पाच-सहा महिने ऊस तोडायला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नाही. तो वैशाखात परत येतो, त्याचं घर, रेशनकार्ड, जमिनीचा तुकडा असेल तर तोही इथंच आहे. बीएलओ आले की आजी-आजोबांनी एवढंच सांगावं: पोरं कारखान्याला गेलीत, हंगाम संपला की येतील, नाव राहू द्या. कुणी नाव कमी करण्यासाठी नमुना 7 चा अर्ज भरला असेल तर त्या अर्जावर हरकत घेता येते.

आता बायांबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी यांची वाटते. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही दोघांची एकच ठरते. मतं मात्र दोघांची दोन आहेत. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कित्येकदा माहेरच्या यादीत पडून असतं, नाहीतर कुठंच नसतं. माहेरी असेल तर नमुना 8 भरून सासरच्या गावी आणता येतं. कुठंच नसेल तर नमुना 6. वय 18 पूर्ण हवं, आणि आता त्यासाठी वर्षातून एकच तारीख नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या चारही महिन्यांची 1 तारीख धरतात. 17 पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज देता येतो. दोन गावांत नाव मात्र ठेवू नका, तो गुन्हा आहे.

बायांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोहोचला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला आणि विधान परिषदेच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. फडावर पाणी, आडोसा, दवाखाना, बाळंतपणात सुट्टी, पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह, हे सगळे मागण्याचे विषय आहेत. आणि ज्याचं नाव यादीत आहे, त्याच्या मागणीकडे उमेदवाराला पाठ फिरवता येत नाही. 2024 मध्ये बीड लोकसभेचा निकाल 6,553 मतांनी लागला. आपल्या दोन-चार गावांतून फडावर जाणारी माणसं मोजा आणि मग हा आकडा परत मनात आणा. ग्रामपंचायतीत तर एका मतानं वॉर्ड जातो, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकतात. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते, म्हणून एकदा तिथं नाव नीट असलं की पुढचं सोपं.

अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. फडावरून मत देण्याची सोय अजून नाही. निवडणूक आयोगानं बाहेरगावी असलेल्यांसाठी एका वेगळ्या यंत्राचा विचार 2023 च्या सुरुवातीला पक्षांपुढे मांडला होता, पण ते प्रत्यक्षात आलेलं नाही. म्हणजे गावीच यावं लागतं, आणि टनावर मजुरी असणाऱ्याचे त्यात दोन दिवस बुडतात. माझं म्हणणं असं, की ही गोष्ट उचल घेतानाच मुकादमाशी बोलून घ्या. हंगामात निवडणूक लागली तर टोळीला दोन दिवस सोडायचं, हे चार माणसांसमोर ठरवा. मुकादमही आपल्याच गावचा असतो, त्यालाही मत द्यायचंच असतं. फडावर जाऊन बसल्यावर हे बोलणं फार अवघड होतं.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री फडावर जीप येते, तिच्याबद्दल. लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं मतदारांना फुकट गाडी पुरवणं हे कायद्यानं भ्रष्ट आचरण आहे. त्या गाडीत बसलं की बटण कोणतं दाबायचं हेही वाटेत सांगतात. एसटीनं या, आपल्या तिकिटानं या. खर्च जड आहे, मला माहीत आहे. तरीही या.

ओळखपत्र हरवलं असेल तर घाबरू नका. नाव यादीत असेल तर आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, यातलं काहीही चालतं. उलट ओळखपत्र खिशात असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

नाव बघायला गावातल्या बीएलओंकडे जा, तहसील कार्यालयात जा, नाहीतर 1950 या नंबरवर फोन लावा. घरात शिकलेलं पोर असेल तर ते मोबाईलवर काढून देईल. घरातल्या प्रत्येकाचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, वय आणि यादीचा भाग क्रमांक एका कागदावर लिहा. तो कागद म्हाताऱ्या आईबापांजवळ ठेवून जा, म्हणजे बीएलओ आले की त्यांना तो पुढे करता येईल.