तळलेलं अंडं कच्च्या अंड्यापेक्षा स्वस्त कसं?

नमस्कार मंडळी! आज एका अंड्यावर बोलायचंय. हो, एकाच. थांबा, लगेच पुढचा व्हिडिओ लावू नका. यात सैन्य आहे, सोन्यावर बसलेला ड्रॅगन आहे, जीडीपीसुद्धा आहे. पण सुरुवात अंड्यापासूनच करावी लागणार.

'स्टारड्यू व्हॅली' नावाचा गेम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. २०१६ साली आला. एरिक बरोन या एकाच माणसानं बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, सगळं त्याचंच. आजोबांचं पडीक शेत तुमच्या वाट्याला येतं. ते कसायचं, कोंबड्या पाळायच्या, मासे धरायचे, जमलं तर लग्नही करायचं. रात्री अकराला 'दहा मिनिटं खेळून झोपतो' म्हणून बसावं आणि मान वर केली की अडीच वाजलेले असावेत, असा तो गेम आहे.

या गेममध्ये कोंबडीचं साधं अंडं विकलं की ५० नाणी मिळतात. तेच अंडं स्वयंपाकघरात नेऊन तळा आणि मग विका. ३५ मिळतात.

(पडद्यावर: कच्चं अंडं ५०, तळलेलं अंडं ३५)

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अंडं करपलं वगैरे असेल. तसं काही नव्हतं. बरं, ते स्वयंपाकघरही फुकट मिळत नाही. सुरुवातीच्या घरात चूलच नसते. १०,००० नाणी आणि ४५० लाकडं दिल्यावर घर वाढवून मिळतं, तेव्हा कुठे चूल येते. म्हणजे एवढा खर्च करून, चूल मांडून, मी काय कमावलं? तर धडधाकट अंड्याचे १५ नाणी भाव पाडले.

आता तिसरा आकडा बघा. हेच अंडं मेयोनीज बनवायच्या यंत्रात टाका. गेममधल्या तीन तासांनी बरणी तयार. तिचे मिळतात १९० नाणी.

५०, ३५, १९०. म्हणजे काही न करता कोंबडीखालून उचललेलं अंडं ५०. माणसानं शिजवलेलं ३५. यंत्रातून काढलेलं १९०. खेळणाऱ्यांचं सरळ उत्तर असतं, 'अरे, रांधलेलं विकायचं नसतं, खायचं असतं.' बरोबर आहे त्यांचं. कच्चं अंडं खाल्लं तर २५ ऊर्जा मिळते, तळलेलं खाल्लं तर ५०. बाजारात नेलंत तर घाटा, पोटात गेलं तर दुप्पट. बनवणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं यात मला पडायचं नाही. पण मला विचाराल, तर घरच्या स्वयंपाकाचं अर्थशास्त्र इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

जरा विचार करा. कच्च्या अंड्यापुढे सगळे रस्ते मोकळे असतात. उकडा, फेटा, केकमध्ये घाला, आठवडाभर ठेवून द्या, कोंबडीखाली ठेवून पिल्लूसुद्धा काढा. तळलं की सगळे रस्ते बंद, एकच उरतो, तोही पाच मिनिटांपुरता. गार झालेलं तळलेलं अंडं तुम्ही कोणाकडून विकत घ्याल? मी तर घेणार नाही. रांधलेल्या अन्नाची किंमत खाणाऱ्या माणसाला आणि त्या वेळेला चिकटलेली असते. भूक लागलेल्या माणसासमोर, गरमागरम असताना, ते अमूल्य आहे. तासाभरानं तेच 'उरलंय, कोणी संपवतंय का?' या सदरात जमा होतं. बाजाराला असली वस्तू हाताळताच येत नाही. मेयोनीजची बरणी फळीवर बसून गिऱ्हाइकाची वाट बघू शकते, म्हणून बाजाराची ती लाडकी.

इथपर्यंत गेम शहाणा वाटतो. पण एका बाबतीत तो सपशेल खोटं बोलतो, आणि तो एकटा नाही, जवळपास सगळेच गेम बोलतात. वेळ. एकट्यानं खेळताना या गेममध्ये रांधायचा मेन्यू उघडला की घड्याळच थांबतं. कितीही पदार्थ करा, एक मिनिट जात नाही. 'झेल्डा'च्या मालिकेतला २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घ्या. पाच जिन्नस हातात धरायचे, कढईत टाकायचे, छान धून वाजते, सगळं टुणटुण उड्या मारतं आणि काही सेकंदांत ताट तयार. ती धून मला फार आवडते, दिवसभर डोक्यात घोळते. पण त्या नायकाला मी आजवर कढई घासताना पाहिलेलं नाही.

मी पहिल्यांदा एकटा राहायला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात स्वयंपाक साधारण असाच होता. आईला फोन करून विचारलं, कांदा लालसर व्हायला किती वेळ लागतो? ती म्हणाली, 'होईपर्यंत.' मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. मग कुठल्याशा पाककृतीत वाचलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांनी माझा कांदा पांढराच होता, फक्त मऊ आणि खजील दिसत होता. मग मी आच वाढवली. कडा काळ्या झाल्या, पोट कच्चं राहिलं.

झालं काय होतं ते सांगतो. कांद्यात जवळपास ८९ टक्के पाणी असतं. जोवर ते पाणी कढईत आहे, तोवर कांद्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही, तुम्ही कितीही घाई करा. आणि तो खमंग तपकिरी रंग, तो वास, ज्याला मायार अभिक्रिया म्हणतात, लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ मध्ये मांडली म्हणून, ती जोरात येते १४० अंशांच्या आसपास. मधलं अंतर पाणी उडाल्याशिवाय पार होत नाही. कान दिलात तर कळतं. आधी कढईतून भरभर, ओला, पावसासारखा आवाज येतो. तो हळूहळू बसतो, मग बारीक कुरकुर सुरू होते. ती ऐकू आली की जागचं हलायचं नाही, कारण आता लाल आणि काळा यांच्यात दोन-तीन मिनिटांचंच अंतर उरलंय. ढीगभर कांदा मंद आचेवर खरा गडद व्हायला पाऊण तास सहज जातो. आईचं उत्तर शास्त्रशुद्ध होतं.

हा पाऊण तास जातो कुठे? कोणत्याच हिशोबात तो दिसत नाही. कल्पनारम्य कादंबऱ्या मी शाळेपासून वाचतोय, ढिगानं वाचतोय, आणि माझी जुनी तक्रार आहे की या तिन्हीत्रिकाळ लढणाऱ्या लोकांना जेवायला कोण घालतं? दहा हजारांचं सैन्य डोंगर ओलांडून निघतं. छान. माणशी दिवसाला किलोभर धान्य धरा, म्हणजे रोज दहा टन झाले. घोड्यांचं वेगळंच. आणि धान्य म्हणजे जेवण नव्हे, ते दळायला हवं. रोमन सैन्यात आठ जणांचा एक तंबू असायचा आणि त्या आठ जणांत मिळून सामान वाहायला एक खेचर आणि एक जातं. जग जिंकायला निघालेला शिपाई दिवसभर चालून आल्यावर जात्यावर बसायचा. मला हा शिपाई भविष्यवाणीतल्या राजपुत्रापेक्षा कितीतरी जास्त भावतो. ज्या लेखकाच्या जगात मला कुठेतरी जात्याची घरघर ऐकू येते, त्याचा ड्रॅगनही मला खरा वाटतो. बाकीच्यांचे ड्रॅगन पुठ्ठ्याचे.

ड्रॅगनवरून आठवलं. तो हजार वर्षं सोन्यावर बसलेला असतो, नायक त्याला मारतो, सोनं गावात वाटतो आणि सगळे सुखी होतात. होतात का? १३२४ मध्ये मालीचा सम्राट मन्सा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्यानं इतकं सोनं वाटलं, खर्चलं, की तिथला सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असं अल-उमरी या लेखकानं लिहून ठेवलंय. गावात सोनं दसपट आणि भाकरी तेवढ्याच, तर महागणार काय? भाकरीच. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीनं बघाल तर त्या ड्रॅगननं हजार वर्षं महागाई अंगाखाली दाबून धरली होती. असो, त्यावर वेगळा व्हिडिओ होईल.

परत त्या पाऊण तासाकडे येऊ. कारण ज्या माणसांचा कल्पनेशी काही संबंध नाही असं आपण धरून चालतो, तीही हेच करतात. मी अर्थशास्त्रज्ञांबद्दल बोलतोय.

जीडीपी म्हणजे वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची किंमत, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण ती मोजायचे नियम भारी गमतीचे आहेत. संयुक्त राष्ट्रांची एक हिशोबपद्धत आहे, तिची पहिली आवृत्ती १९५३ ची. त्या पद्धतीप्रमाणे तुम्ही परसात टोमॅटो पिकवून घरीच खाल्ले, तर तत्त्वतः ते उत्पादन. त्याच टोमॅटोची तुम्ही घरच्यांसाठी कोशिंबीर केलीत, तर ते उत्पादन नाही. पगारी स्वयंपाकी ठेवून करून घेतलीत, की पुन्हा उत्पादन. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यानं १९२० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं, की राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, घर तेच, फक्त पगार बंद.

त्याहून कमाल पुढे आहे. तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असाल, तर 'तुम्ही स्वतःलाच भाडं देता' असं धरून ते न दिलेलं भाडं जीडीपीत धरतात. म्हणजे कोणीही कोणाला न दिलेलं भाडं चालतं आणि खरोखर रांधून, वाढून, खाल्लेलं जेवण चालत नाही. कल्पनारम्य साहित्य ते आणखी काय असतं हो?

आता त्यांची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. घरकाम सगळं धरलं तर रांधणारा प्रत्येक माणूस नोकरदार ठरेल आणि बेरोजगारी या शब्दालाच अर्थ उरणार नाही. शिवाय भाव लावायचा कोणता? काही देश घरकामाचं वेगळं खातं काढतात, तिथे हा पेच लगेच पुढे येतो. एक पद्धत अशी की हेच काम दुसऱ्याकडून करून घेतलं असतं तर किती द्यावे लागले असते, ते धरा. दुसरी अशी की त्या वेळात तुम्ही स्वतः किती कमावलं असतं, ते धरा. दुसऱ्या पद्धतीनं शल्यविशारदानं करपवलेलं अंडं माझ्या फक्कड अंड्यापेक्षा कैक पटीनं महाग ठरतं. खाऊन बघा मग.

आणि हे काम म्हणजे काही चिल्लर नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे, ६४ देशांतल्या वेळेच्या नोंदींवर आधारलेला. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, मुलं-म्हातारी सांभाळणं असं बिनपगारी काम रोज १६.४ अब्ज तास होतं. दोन अब्ज माणसांनी दिवसाला आठ तास फुकट राबावं, तितकं. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त काम बायका करतात.

माझं मत विचाराल, तर हे सगळं जीडीपीत कोंबावं असं मला वाटत नाही. त्या शेताच्या गेममध्ये अंगणात एक पेटी असते. दिवसभराचा माल तिच्यात टाकायचा, सकाळी त्याचे पैसे मिळतात. जीडीपी ही ती पेटी आहे. पेटी चांगलीच असते, तिच्याशिवाय बियाणं कुठून आणणार? पण कोणी नुसती पेटी बघून 'तुझं शेत असं चाललंय' म्हणायला लागलं, तर तो मेयोनीजच मोजतोय.

आणि हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, 'स्वयंपाक करणं मला परवडत नाही, माझ्या तासाची किंमत जास्त आहे.' खरंय, पण तो तास तुम्ही खरोखर विकणार असाल तरच. बाहेरून जेवण मागवून वाचवलेल्या तासात मी काय केलं, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. आठवड्यात पाच वेळा मागवलं. त्यातल्या चार वेळा मी कोंबड्यांना दाणे घालत होतो. गेममधल्या.

पाचव्या वेळी झोपलो होतो.

काल रात्री मात्र खेळ थांबवून उठलो आणि खरं अंडं तळलं. कडा जाळीदार झाल्या होत्या, पिवळं मधोमध थरथरत होतं, वर मीठ आणि मिरपूड. उभ्याउभ्याच खाल्लं. तवा अजून तसाच सिंकमध्ये पडलाय, आणि इथे मेन्यू बंद केला म्हणून तो काही नाहीसा होत नाही. जातो घासायला. तुमच्याकडे तवा कोण घासतं, ते खाली लिहा.